औषधवाटपाची फेरी: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी औषधशास्त्र आणि सुरक्षितपणे औषध देण्याची पद्धत

दुसऱ्या वर्षी मेडिसिन वॉर्डात पोस्टिंग असताना माझ्या हातून झालेली पहिली चूक मला आजही जशीच्या तशी आठवते. सकाळची औषधे वाटताना मी एका खाटेपाशी थांबले आणि "पाटील आजी ना तुम्ही?" असे विचारले. आजींनी हसून मान डोलावली, मी गोळी दिली, घोटभर पाणी पाजले आणि ट्रॉली पुढे ढकलली. खऱ्या पाटील आजी शेजारच्या खाटेवर होत्या. ज्यांनी मान डोलावली त्यांना ऐकू कमी येत होते आणि कोणत्याही प्रश्नाला हसून मान डोलावण्याची त्यांची सवय होती. गोळी रक्तदाबाची, अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमची होती. मी इन्चार्ज सिस्टरांना लगेच सांगितले, डॉक्टरांनी येऊन तपासले, आणि दर अर्ध्या तासाने रक्तदाब मोजण्याचे काम माझ्याकडे आले. दोन तास सगळे ठीक दिसल्यावर मी सुटकेचा निःश्वास टाकला, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "अगं, अ‍ॅम्लोडिपिनचा जोर सहा ते बारा तासांनी चढतो. संध्याकाळपर्यंत मोजत राहा." आजींना काही त्रास झाला नाही. मात्र औषध चुकीच्या माणसाला देण्याइतकेच आपले अज्ञानही धोक्याचे होते, हे मला त्या दिवशी कळले, कारण किती वेळ लक्ष ठेवायचे हेसुद्धा मला ठाऊक नव्हते.

औषधशास्त्र एका तासाला शिकवले जाते आणि औषध देण्याची कृती दुसऱ्या तासाला, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या डोक्यात हे दोन विषय वेगवेगळ्या कप्प्यांत जाऊन बसतात. खाटेपाशी मात्र ते एकच असतात. या लेखात औषधवाटपाची फेरी पायरीपायरीने मांडली आहे आणि जिथे जे औषधशास्त्र लागते, तिथेच ते सांगितले आहे. विद्यार्थी असेपर्यंत कोणतेही औषध नोंदणीकृत परिचारिकेच्या किंवा क्लिनिकल इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखालीच द्यायचे असते, हे येथे गृहीत धरले आहे.

औषध शरीरात गेल्यावर काय होते

औषध रक्तात शोषले जाते, शरीरभर पसरते, बहुतांशी यकृतात त्याचे रूपांतर होते आणि मूत्रपिंडांवाटे किंवा पित्तावाटे ते बाहेर पडते. पाठ्यपुस्तकातील या चार शब्दांचा तुमच्या हातातल्या कामाशी काय संबंध आहे, तो पाहू.

तोंडाने घेतलेले औषध आतड्यातून शोषले गेल्यावर प्रथम यकृतातून जाते आणि तिथे त्याचा काही भाग निकामी होतो. छातीत कळ आलेल्या रुग्णाला सॉर्बिट्रेटची ५ मिलिग्रॅमची गोळी जिभेखाली ठेवायला सांगतात ती याच कारणासाठी. जिभेखालच्या रक्तवाहिन्यांतून औषध यकृताला टाळून थेट रक्ताभिसरणात शिरते आणि काही मिनिटांत काम सुरू करते. रुग्णाने ती पाण्याबरोबर गिळली, तर तोच परिणाम उशिरा आणि कमी मिळतो. म्हणून ही गोळी हातात ठेवून निघून जायचे नसते, ती जिभेखाली गेलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची असते, आणि तत्पूर्वी रक्तदाब मोजायचा असतो, कारण ती रक्तवाहिन्या सैल करते.

औषधाचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येण्यास जो वेळ लागतो त्याला अर्धायुष्य म्हणतात. नियमित मात्रा सुरू केल्यावर साधारण चार ते पाच अर्धायुष्ये उलटली की रक्तातील पातळी स्थिरावते. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाचे अर्धायुष्य मूत्रपिंडे चांगली असताना सुमारे दीड दिवस असते, म्हणजे पातळी स्थिर व्हायला आठवडा लागतो. मूत्रपिंडे थकलेली असतील तर त्याहून जास्त. या औषधाची उपयुक्त पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर फार थोडे आहे. त्यामुळे प्रत्येक मात्रेपूर्वी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजावे लागतात. प्रौढ व्यक्तीत ते ६०पेक्षा कमी असतील तर मात्रा थांबवून डॉक्टरांना कळवायचे. रुग्णाने जेवण नको वाटते, मळमळते, पिवळसर दिसते असे सांगितले, तरी ते हसण्यावारी नेऊ नये. त्याच रुग्णाला लघवी वाढवणारे लॅसिक्स चालू असेल आणि त्यामुळे पोटॅशियम उतरले असेल, तर डिगॉक्सिनची विषबाधा होण्याचा धोका आणखी वाढतो. ट्रीटमेंट शीटवर ही दोन नावे एकाखाली एक दिसली की पोटॅशियमचा अहवाल शोधण्याची सवय लावून घ्या.

रक्तातील पातळी टिकवण्याचा हाच विचार प्रतिजैविकांच्या वेळांमागे आहे. 'दर ८ तासांनी' आणि 'दिवसातून तीनदा' या दोन गोष्टी एक नाहीत. दर ८ तासांनी लिहिलेले इंजेक्शन बहुतेक वॉर्डांत सकाळी ६, दुपारी २ आणि रात्री १० वाजता देतात. रात्रीची मात्रा झोपमोड नको म्हणून ९ला आणि सकाळची गडबडीत ८ला दिली, तर मध्ये ११ तासांची फट पडते आणि जंतूंना तेवढी उसंत मिळते.

आदेश वाचणे

फेरीची सुरुवात ट्रॉलीपासून करू नका, केस पेपरपासून करा. आदेशात रुग्णाचे पूर्ण नाव, औषधाचे नाव, मात्रा, मार्ग, वेळ, तारीख आणि डॉक्टरांची सही असायला हवी. यातले काहीही नसेल, किंवा अक्षर लागत नसेल, तर अंदाज बांधू नये. विद्यार्थ्याला प्रश्न विचारायला संकोच वाटतो आणि डॉक्टर कधीकधी त्रासिक चेहऱ्याने उत्तर देतात, हेही खरे. तो त्रासिक चेहरा अर्ध्या मिनिटापुरता असतो.

काही लिखाण मुळातच घातक असते. इन्सुलिनच्या मात्रेपुढे युनिटसाठी रोमन लिपीतील एकच अक्षर लिहिले, तर ते शून्यासारखे दिसते आणि १०चे १०० होतात. म्हणून 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहिलेला असावा. दशांशचिन्हापूर्वी शून्य नसेल तर .५चे ५ वाचले जाते, आणि मागे अनावश्यक शून्य असेल तर ५.०चे ५० होते. नावांतील साम्य हा दुसरा सापळा आहे. डोपामिन आणि डोब्युटामिन ही हृदयाला व रक्तदाबाला आधार देणारी दोन्ही औषधे अतिदक्षता विभागात, बऱ्याचदा एकाच कपाटात असतात. ब्रँडच्या नावांची तर आपल्याकडे इतकी गर्दी आहे, की वेष्टनावर ठळक छापलेले नाव वाचून भागत नाही, खालच्या बारीक अक्षरातील मूळ औषधाचे नाव वाचावे लागते. मेथोट्रेक्सेटबाबत तर वारही वाचावा. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच द्यायची असते. ती चुकून रोज दिली गेली, तर अस्थिमज्जेचे काम मंदावून रुग्ण दगावू शकतो.

फोनवरून किंवा तोंडी आदेश फक्त निकडीच्या प्रसंगी आणि रुग्णालयाच्या नियमांनुसार, नोंदणीकृत परिचारिकेनेच घ्यायचा असतो. तो आधी लिहून घ्यायचा, मग वाचून दाखवायचा आणि समोरच्याकडून होकार घ्यायचा. 'पंधरा' आणि 'पन्नास' असे आकडे एकेक अंक सुटा म्हणून उच्चारावेत: एक-पाच, पाच-शून्य.

याच टप्प्यावर अ‍ॅलर्जीची नोंद पाहावी. ती कोरी असेल तर रुग्णाला विचारावे. 'अ‍ॅलर्जी आहे का?' या प्रश्नाला पुष्कळदा 'नाही' असेच उत्तर मिळते. 'कधी एखादी गोळी किंवा इंजेक्शन घेतल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, दम लागला, असे झाले होते का?' असे विचारले की आठवणी निघतात. घरी चालू असलेली औषधे विचारताना आयुर्वेदिक चूर्णे, काढे आणि पुड्या यांचीही चौकशी करावी, कारण रुग्णाच्या लेखी ती औषधे नसतातच.

हिशोब

सूत्र एकच आहे: हवी असलेली मात्रा भागिले हाती असलेली मात्रा, गुणिले ती ज्या द्रवात आहे त्याचे माप. जेंटामायसिन ६० मिलिग्रॅम द्यायचे आहे आणि अ‍ॅम्प्युलवर २ मिलीमध्ये ८० मिलिग्रॅम लिहिले आहे, तर ६० भागिले ८० गुणिले २, म्हणजे दीड मिली. एवढे सर्वांना येते. गोंधळ होतो तो बाटली बदलल्यावर.

बारा किलो वजनाच्या मुलाला ताप आहे आणि पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे १८० मिलिग्रॅम द्यायचे आहे. सिरप ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचे असेल तर ७.५ मिली द्यावे लागेल. तेच सिरप ५ मिलीत २५० मिलिग्रॅमचे असेल तर ३.६ मिली पुरेल. आणि तान्ह्या बाळांसाठीच्या थेंबांची बाटली असेल, ज्यात बहुधा एका मिलीतच १०० मिलिग्रॅम असते, तर फक्त १.८ मिली. औषध एकच, मूल तेच, आणि मापे तीन. काल ७.५ मिली दिले म्हणून आज नव्या बाटलीतून तेवढेच दिले, तर १८०च्या जागी ३७५ मिलिग्रॅम जाईल. मुलाला घरी सोडताना आईला सिरपबरोबर मिळणारे झाकण किंवा सिरिंज हातात देऊन, त्यावर बोटाने खूण दाखवूनच मात्रा सांगा. स्वयंपाकघरातला प्रत्येक चमचा वेगळा असतो.

सलाईनचा वेग काढताना सेटच्या पाकिटावर एका मिलीचे किती थेंब हे वाचावे. आपल्याकडील साध्या सेटमध्ये बहुधा २० थेंबांचा एक मिली होतो, मायक्रोड्रिप सेटमध्ये ६० थेंबांचा. ५०० मिली सलाईन ८ तासांत द्यायचे असेल, तर ५०० गुणिले २० भागिले ४८० मिनिटे, म्हणजे मिनिटाला सुमारे २१ थेंब. चाक फिरवून वेग लावल्यावर घड्याळ समोर धरून पूर्ण मिनिट मोजा, आणि रुग्णाने हात हलवला किंवा उशी बदलली की पुन्हा मोजा. बाटलीवर उभी पट्टी चिकटवून तासातासाच्या खुणा केल्या तर पुढच्या पाळीच्या सिस्टरलाही एका नजरेत कळते.

पंपावर चालणाऱ्या औषधांत हिशोब थोडा लांबतो, पण तर्क तोच असतो. साठ किलो वजनाच्या रुग्णाला डोपामिन किलोमागे मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम द्यायचे आहे. मिनिटाला ३०० मायक्रोग्रॅम, म्हणजे तासाला १८ मिलिग्रॅम. डोपामिनचे २०० मिलिग्रॅमचे अ‍ॅम्प्युल ५० मिली होईपर्यंत विरळ केले असेल तर एका मिलीत ४ मिलिग्रॅम होतात, म्हणून पंपाचा वेग तासाला ४.५ मिली. उत्तर आल्यावर स्वतःला विचारा, की हे दिसायला योग्य वाटते का? एका मात्रेसाठी सहा गोळ्या किंवा चार अ‍ॅम्प्युल फोडावी लागत असतील, तर बहुधा दशांशचिन्ह घसरले आहे.

औषध तयार करणे

हात धुवा, ट्रॉलीचा पृष्ठभाग पुसा आणि एका वेळी एकाच रुग्णाचे औषध काढा. लेबल तीनदा वाचायचे असते: कपाटातून काढताना, मात्रा भरताना आणि उरलेले परत ठेवताना. कालबाह्यतेची तारीख, द्रवाचा रंग, तळाशी बसलेला साका, वेष्टनाचे सील हे पहिल्या वाचनातच पाहून घ्यावे. भरलेली सिरिंज लेबल न लावता ट्रेमध्ये ठेवू नये, आणि दुसऱ्याने भरलेली सिरिंज आपण टोचू नये, मग ती भरणारी व्यक्ती कितीही अनुभवी असो.

इन्सुलिनवर येथे थोडे थांबणे भाग आहे, कारण भारतात हा घोळ अजून मिटलेला नाही. आपल्याकडे व्हायलमधील (रबरी बुचाच्या लहान बाटलीतील) इन्सुलिन बहुतेक वेळा एका मिलीत ४० युनिटचे असते, तर पेनच्या कार्ट्रिजमधील आणि काही व्हायलमधील १०० युनिटचे. सिरिंजही दोन प्रकारच्या मिळतात. ४०च्या सिरिंजचे टोपण सहसा लाल आणि १००च्या सिरिंजचे नारिंगी असते, पण ट्यूबलाइटच्या उजेडात पहाटे सहा वाजता लाल आणि नारिंगी यांत फारसा फरक दिसत नाही. आता एक कल्पना करा: आदेश २० युनिटचा आहे, हातात १०० युनिटचे इन्सुलिन आहे आणि सिरिंज ४०ची आहे. तुम्ही २०च्या रेघेपर्यंत भरले, म्हणजे अर्धा मिली घेतला, म्हणजे प्रत्यक्षात ५० युनिट घेतले. उलट ४०चे इन्सुलिन १००च्या सिरिंजमध्ये २०च्या रेघेपर्यंत भरले तर रुग्णाला फक्त ८ युनिट मिळतात. म्हणून व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजच्या नळीवर छापलेला आकडा, दोन्ही मोठ्याने वाचा. ते जुळले, तरच सुई आत घाला. मात्रा भरल्यावर दुसऱ्या परिचारिकेला व्हायल आणि सिरिंज दोन्ही दाखवा. नुसते "वीस भरलेत हं" म्हणणे ही तपासणी होत नाही.

दुधाळ इन्सुलिन भरण्यापूर्वी व्हायल तळहातांमध्ये हळू फिरवायची असते, जोरात हलवायची नसते. न उघडलेल्या व्हायली फ्रिजमध्ये २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवाव्यात, बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही. गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी वापरायचे नसते. उघडलेल्या व्हायलवर उघडल्याची तारीख लिहावी, कारण बहुतेक इन्सुलिनची मुदत त्यानंतर २८ दिवसांचीच असते. उन्हाळ्यात लाइट जाते तेव्हा फ्रिजचे तापमान नोंदवणे हे कंटाळवाणे वाटले तरी औषधाच्याच कामाचा भाग आहे.

पोटॅशियम क्लोराइडच्या १० मिलीच्या १५ टक्क्यांच्या अ‍ॅम्प्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट (क्षारांची मात्रा मोजण्याचे एकक) पोटॅशियम असते आणि ते दिसायला साध्या पाण्यासारखे असते. ते विरळ न करता थेट शिरेत दिले तर हृदय बंद पडते. हे अ‍ॅम्प्युल डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी ठेवलेले दिसले, तर फेरी थांबवून आधी ते हलवा. हाताच्या शिरेतून देताना लिटरला ४० मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा दाट मिश्रण सहसा देत नाहीत आणि साध्या वॉर्डात तासाला १०पेक्षा जास्त वेग ठेवत नाहीत. लटकत असलेल्या बाटलीत ते टोचू नये. जड असल्यामुळे ते तळाशी साचते आणि पहिल्या काही मिनिटांत जवळपास सगळे आत जाते. बाटली खाली उतरवून औषध घाला, अनेकदा उलटीपालटी करा, लेबल लावा आणि मगच टांगा. रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनच्या ५ मिलीच्या व्हायली मिलीला १००० आणि मिलीला ५००० युनिट अशा दोन्ही तीव्रतांत मिळतात, तेव्हा तिथेही दोघींनी तपासण्याचा नियम पाळावा.

कोणते औषध कशात मिसळत नाही, याची छोटी वही स्वतःजवळ ठेवा. फेनिटॉइन हे आकडीवरचे औषध फक्त नॉर्मल सलाईनमध्ये देतात. डेक्स्ट्रोजमध्ये त्याचे कण तयार होतात, आणि प्रौढांत त्याचा वेग मिनिटाला ५० मिलिग्रॅमच्या वर जाऊ द्यायचा नसतो. सेफ्ट्रियाक्सोन आणि कॅल्शियम असलेले रिंगर लॅक्टेट एकत्र येऊ देऊ नये. व्हॅन्कोमायसिन किमान एक तास चालवावे, नाहीतर चेहरा-मान लालबुंद होऊन रक्तदाब उतरू शकतो. सेफ्ट्रियाक्सोनच्या स्नायूतील इंजेक्शनाबरोबर येणारे लिग्नोकेनचे द्रावण शिरेतून कधीही वापरू नये.

रायल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून जठरात घातलेल्या नळीतून, गोळी द्यायची असेल तर खलबत्त्याकडे हात नेण्यापूर्वी वेष्टन वाचा. दीर्घकाळ विरघळत राहणारी गोळी कुटली, तर दिवसभराची मात्रा एकदम पोटात जाते. आणि पँटोप्राझोलसारखी आवरणाची गोळी कुटली, तर जठरातील आम्लातच ती वाया जाते. अशा वेळी दुसरे रूप लिहून देण्याची डॉक्टरांना विनंती करावी.

खाटेपाशी

रुग्णाला नाव विचारायचे, सांगायचे नाही. "आजी, तुमचं पूर्ण नाव काय?" असे विचारा आणि मनगटावरची पट्टी व नोंदणी क्रमांक शीटशी जुळवा. खाटेचा क्रमांक ही ओळख नव्हे, कारण पंख्याखालची जागा मिळावी म्हणून रुग्ण आपसात खाटा बदलतात. बोलता न येणाऱ्या रुग्णाची ओळख पट्टीवरून आणि नातेवाइकाला विचारून पटवावी.

मग औषध कशासाठी आहे ते एका वाक्यात सांगा. 'ही गोळी पायाची सूज उतरवण्यासाठी आहे, हिने लघवी जास्त होईल' एवढे पुरे. हे वाक्य तुम्हाला साध्या मराठीत सांगता येत नसेल, तर ते औषध तुम्हाला पुरेसे माहीत नाही असे समजा आणि आधी वाचून या. याचा आणखी एक फायदा असा, की रुग्णच कित्येकदा चूक पकडतो. "माझी गोळी पांढरी असते, ही गुलाबी कशी?" असे कुणी म्हटले, तर समजूत घालू नका, परत जाऊन तपासा.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी देण्यापूर्वी साखरेचा आकडा आणि जेवणाचे ताट, दोन्ही पाहावेत. चतुर्थी, एकादशी, नवरात्र, रमजान या दिवसांत वॉर्डातले रुग्णही उपवास धरतात आणि सिस्टर रागावतील म्हणून सांगत नाहीत. "आज उपवास आहे का हो?" असे सहज विचारले तर खरे उत्तर मिळते. ताट पुढ्यात आल्याशिवाय जेवणाआधीचे जलद इन्सुलिन टोचू नका. किचनची गाडी उशिरा येणार असेल तर इन्सुलिनही थांबेल. लोहाची गोळी चहाबरोबर आणि सिप्रोफ्लॉक्सासिन दुधाबरोबर घेऊ नये, हेही येथेच सांगून टाकावे.

टोचण्याच्या जागेबद्दल एकच सांगते, बाकी कृती प्रात्यक्षिकातच शिकावी. नितंबात इंजेक्शन देताना वरच्या बाहेरच्या चतुर्थांशाचा अंदाज चुकला, तर सायटिक नर्व्हला इजा होऊ शकते. त्यापेक्षा कमरेच्या बाजूची व्हेंट्रोग्लूटियल जागा सुरक्षित आहे, आणि तान्ह्या बाळांसाठी मांडीची पुढची-बाहेरची बाजू योग्य. शिरेतून देताना आधी कॅन्युलाची (शिरेत बसवलेल्या बारीक नळीची) जागा पाहा: लाली, सूज, दुखणे असेल तर त्यातून काहीही देऊ नका. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नका. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६च्या नियमांप्रमाणे सुया पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात, सुईविरहित सिरिंज व सलाईनचे सेट लाल पिशवीत आणि काचेची अ‍ॅम्प्युले निळ्या खुणेच्या डब्यात जातात.

रुग्णाने औषध नाकारले तर तो त्याचा अधिकार आहे. कारण विचारा, समजावून सांगा, तरीही नको असेल तर नोंद करून डॉक्टरांना कळवा. उशीजवळ गोळी ठेवून 'नंतर घ्या हं' म्हणत निघून जाणे मात्र चालणार नाही.

दिल्यानंतरचा तास

औषध दिले की काम अर्धे झाले. शिरेतून दिलेल्या वेदनाशामकाचा परिणाम १५ ते ३० मिनिटांत, तोंडाने दिलेल्याचा साधारण तासाभरात पाहून लिहायचा असतो. मॉर्फिन दिले असेल तर वेदनेबरोबर श्वास मोजा आणि रुग्ण हाकेला कितपत जागा होतो ते पाहा.

इंजेक्शननंतर अंगावर गांधी, आवाज घोगरा होणे, दम लागणे, रक्तदाब उतरणे असे दिसले, की औषध तिथेच थांबवा, कॅन्युला काढू नका, मदतीला हाक मारा, रुग्णाला आडवे करून पाय उंच करा. दम फार असेल तर बसू द्या. अशा वेळी आपल्याकडे हात सवयीने एव्हिल (अ‍ॅलर्जीचे औषध) आणि हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडकडे जातो, हे मी अनेकदा पाहिले आहे. ही दोन्ही औषधे नंतरची आहेत. जीव वाचवते ते अ‍ॅड्रेनालिन: प्रौढांत मिलीला १ मिलिग्रॅमच्या अ‍ॅम्प्युलमधील अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, आणि गरज पडल्यास ५ मिनिटांनी पुन्हा. सर्पदंशाची लस, म्हणजे विषावरचे प्रतिविष, लावताना तर ही तयारी आधीच करून ठेवावी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालणारी ही लस घोड्याच्या रक्तद्रवापासून बनवलेली असते, त्यामुळे तिच्यावर अशी प्रतिक्रिया येणे मुळीच दुर्मीळ नाही.

प्रसूती कक्षात आकडी रोखण्यासाठी दिल्या जाणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटची पुढची मात्रा देण्यापूर्वी तीन गोष्टी पाहतात: श्वास मिनिटाला किमान १६, गुडघ्याचा झटका (हातोडीने ठोकल्यावर पाय उडणे) शाबूत, आणि गेल्या चार तासांत लघवी तासाला किमान ३० मिली. हे औषध मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. लघवी कमी झाली की ते साचते, आधी गुडघ्याचा झटका जातो आणि मग श्वास मंदावतो. हा क्रम लक्षात ठेवला तर तीन तपासण्या पाठ करण्याची गरज उरत नाही. उतारा म्हणून १० टक्क्यांचे १० मिली कॅल्शियम ग्लुकोनेट त्याच ट्रेमध्ये हवे.

औषध कसे काम करते हे कळले की देखरेखही आपोआप कळते, याचे आपल्या मातीतले उदाहरण कोकणातले आहे. लाल विंचवाच्या विषाने शरीरात अ‍ॅड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आकसतात आणि फुप्फुसांत पाणी भरून रुग्ण दगावतो. महाडच्या परिसरात काम करताना डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी येथे कशी उपयोगी पडते हे दाखवून दिले. ती नेमके हे आकसणेच सोडवते. पण रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी म्हटल्यावर पहिल्या मात्रेनंतर रुग्णाला एकदम उठवायचे नाही, मुलाला कडेवर उभे धरायचे नाही, आडवेच ठेवायचे आणि रक्तदाब मोजत राहायचे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

औषधाचा संशयित दुष्परिणाम दिसला तर तो कळवण्याचा अधिकार परिचारिकेलाही आहे. भारतीय औषधसतर्कता कार्यक्रम २०१०पासून चालू आहे, त्याचे राष्ट्रीय केंद्र गाझियाबादला आहे आणि १८००-१८०-३०२४ हा त्याचा निःशुल्क क्रमांक आहे. अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत त्याची केंद्रे असून अर्ज तिथे मिळतो. औषधामुळेच झाले हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमची नसते, संशय पुरेसा असतो.

नोंद, चूक आणि पाळीबदल

नोंद दिल्यानंतर लगेच, स्वतः, स्वतःच्या सहीने करायची. देण्यापूर्वी केलेली सही घातक असते, कारण मध्येच रुग्ण एक्स-रेला गेला तर शीट सांगते दिले आणि पोटात काही नसते. संपूर्ण वॉर्डाच्या सह्या शेवटी एकदम ठोकण्याची पद्धत तुम्हाला दिसेल. ती उचलू नका. गरजेनुसार दिलेल्या औषधापुढे कारण आणि परिणाम दोन्ही लिहा.

चूक झाली तर क्रम ठरलेला आहे. आधी रुग्णाला पाहा, नाडी, रक्तदाब, श्वास मोजा. मग इन्चार्ज सिस्टर आणि डॉक्टरांना सांगा. मग काय दिले, किती, केव्हा, हे जसे घडले तसे लिहा आणि रुग्णालयाचा घटना-अहवाल भरा. खाडाखोड करू नका. रुग्णापर्यंत पोचण्याआधी पकडलेली चूकही कळवा. लाल आणि नारिंगी टोपणाच्या सिरिंज एकाच डब्यात ठेवल्या जात आहेत, हे अशा अहवालातूनच बाहेर येते.

पाळी बदलताना मॉर्फिनसारख्या कुलूपबंद औषधांची अ‍ॅम्प्युले दोघींनी मिळून मोजायची, अर्धवट वापरलेले औषध साक्षीदारासमोर टाकायचे आणि रजिस्टरवर दोघींच्या सह्या घ्यायच्या. नंतर खाटेपाशी उभे राहूनच सांगायचे: कोणते औषध कधी दिले, कोणते राहिले आणि का राहिले, कोणते सलाईन किती उरले आहे आणि कोणत्या रुग्णाचे काय पुन्हा मोजायचे आहे. त्या दिवशी दुपारी दोनला मी जे सांगितले ते एवढेच होते: "आठ वाजता चुकून अ‍ॅम्लोडिपिन पाच गेले आहे. दोनचा रक्तदाब ११० वर ७०. रात्री आठपर्यंत दर तासाने मोजायचा आहे, आणि आजींना एकटीने बाथरूमला जाऊ द्यायचे नाही."